उंबरगीचे बरगे

मंगळवार पेठेतल्या त्र्यंबक सरांची धाकटी मुलगी वल्लरी एम.ए.ला गेली, तेव्हा तिच्या विषयाचं नाव घरात कुणालाच धड सांगता येईना. प्रशासन, संघर्ष आणि शाश्वत विकास. शेजारणींनी विचारलं, की तिची आई माई म्हणायची, "पाण्यावरून भांडणं का होतात, ते शिकतेय." ते काही खोटं नव्हतं.

प्रबंधासाठी वल्लरीनं गडहिंग्लजच्या बाजूला एकाच नदीवरची दोन गावं निवडली. वर उंबरगी, खाली केतवाडी. उंबरगीच्या बंधाऱ्यात लोखंडी फळ्या, म्हणजे बरगे, घातले की पाणी अडतं. काढले की केतवाडीकडं वाहतं. उन्हाळ्यात किती बरगे ठेवायचे, हे दोन्ही गावांनी पूर्वीच बसून ठरवलं होतं. तोच समझोता तिला अभ्यासायचा होता. उंबरगीत झुंबरबाईंच्या घरी तिची राहायची सोय झाली. शेजारचे आकाराम तिला वेळ काढून शेतं, मोटारी, पाण्याच्या पाळ्या दाखवत हिंडायचे.

एप्रिलच्या अखेरीस ती केतवाडीला गेली. सरपंच हंबीरराव वैतागून सांगत होते, "नदीत पाणीच न्हाय. मोटारी नुसतं वारं ओढायल्यात. म्हणं धरणातनंच सोडलं न्हाय."

"वर बंधाऱ्याला जास्तीचे बरगे चढवलेत ना, म्हणून असेल," वल्लरी म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला.

हंबीरराव तिच्याकडं नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "च्या घ्या, ताई."

परतताना एसटीत तिला ते बघणं आठवलं. आपण काय बोललो? सकाळी फिरायला गेल्यावर बरगे दिसले होते, एवढंच. पण ठरल्यापेक्षा ते जास्त होते, हे तिला माहीत होतं. आकारामांना सांगावं का? सांगितलं तर ते चिडतील. आणि कदाचित काहीच होणारही नाही. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतवाडीची माणसं ट्रॅक्टर भरून आली. नदीकडून आरडाओरडा ऐकू आला, तशी वल्लरी उंबऱ्यातच खिळली. झुंबरबाई बाहेर धावल्या आणि थोड्या वेळानं घाम पुसत परत आल्या.

"त्यांनी बरगं उपसायला घेतलं, त्या ओढाताणीत आकारामचा हात खाली घावला. गाडीतनं गडहिंग्लजला न्हेला."

"जिवाला काही...?"

"हात गं, हात! पर बोटं गेल्यात बग चेचून."

दिवसभर गावात एकच प्रश्न फिरत होता. केतवाडीला कुणी सांगितलं? पाराजवळ एका पोराचं नाव निघालं. राजवीर. त्याची बहीण केतवाडीला दिली होती. संध्याकाळी माणसं त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा वल्लरी ताटावरून उठली. तिनं बाबांना फोन लावला आणि उचलायच्या आत बंद केला. मग ती तशीच राजवीरच्या दारात गेली.

"त्यानं नाही सांगितलं. मी बोलले. चुकून निघून गेलं तोंडातून."

कुणीतरी शिवी हासडली. कुणी म्हणालं, "सरकारचं माणूस हाय ही, मी म्हणतच होतो की." झुंबरबाईंनी तिचा दंड धरून तिला घरी आणलं आणि दार लावून घेतलं.

"उद्या पैल्या गाडीनं जा बाई तू. आता हितं ऱ्हाऊ नगंस."

ती गेली, पण गडहिंग्लजला उतरून आधी दवाखान्यात. आकारामांच्या हाताला जाडजूड पट्टी होती. ती कॉटजवळ उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

"कळलं मला," ते म्हणाले. "हे लिव्हणार हाईस काय तू?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

"लिव्ह. पर सगळं लिव्ह. बोलणं मोडून आमीच बरगं चढीवलं, त्ये बी लिव्ह."

तिनं लिहिलं. गावांची आणि माणसांची नावं बदलून, पण स्वतःचं बोलणं जसंच्या तसं ठेवून. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि विचारलं, की तुम्ही अभ्यास करत होता की भांडणात होता? "दोन्ही," एवढंच तिला सुचलं. ती पास झाली. गुण बेताचेच पडले.

तोवर पाटबंधारे खात्याचा माणूस बंधाऱ्यावर बसला होता आणि पाणी पुन्हा वाटून जाऊ लागलं होतं. आकारामांची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. प्रबंधाची प्रत द्यायला ती उंबरगीला गेली. झुंबरबाईंनी चहा दिला, माईंची चौकशी केली. पण गाडी कधीची आहे, हेही त्यांनीच विचारलं.