बंदरातली ती

ओसाड जागी राहण्याचा जेवढा अनुभव माझ्या मोठ्या साडूंना आहे, तेवढा उभ्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला नसेल. दिसायला ते संभाजीनगरात गारखेड्याला दुसऱ्या मजल्यावर राहतात, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात आणि येताना कोथिंबीर आणायला न चुकता विसरतात. पण ही झाली वरवरची माहिती. खरा त्यांचा मुक्काम कधी बर्फात गाडलेल्या रेल्वे स्टेशनात असतो, कधी मालक परगावी गेलेल्या बंगल्यात, कधी समुद्रकाठच्या अशा गावात जिथं दारं उघडी आहेत आणि माणूस एकही नाही. साडू व्हिडिओ गेम खेळतात. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पिकलेला, पाचोडच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस दुपारी साडेतीनला घरी येतो, हातपाय धुतो, पडदे ओढतो आणि कॉम्प्युटरपुढं असा बसतो की शेजारणीला वाटतं, घरी पूजा आहे.

बरं, चारचौघांसारखे खेळतील तर ते साडू कसले? त्यांची अट एकच : जो गेम दुसरं कुणी खेळत नाही, तोच ते खेळणार. पोरासोरांच्या हातात असतात ते बंदुकांचे गेम दाखवले, तर लग्नात पानाच्या रांगेकडं पाहावं तसं ते दुरून पाहतात आणि म्हणतात, "तिथं लई गर्दी हाये, साडूभाऊ. आपण नाय गेलो तरी त्यांचं काय अडत नाय." गेम विकत मिळतात त्या ठिकाणी ते यादीच्या वरच्या टोकाला फिरकतसुद्धा नाहीत. थेट तळाशी उतरतात. ज्याच्याखाली आजवर कुणी बरावाईट शब्द लिहिलेला नाही, असा गेम सापडला की त्यांचा चेहरा उजळतो. मग तो खेळून संपवायचा, बनवणाऱ्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत शाबासकी कळवायची आणि दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला त्याचं महत्त्व पटवून द्यायचं, हा त्यांचा क्रम. एकदा त्यांनी मला एका गेमबद्दल सांगितलं. त्यात एक विहीर असते आणि आपण दोर सोडत राहायचा. तासभर नुसता दोर. मग एकदम खालून कुणीतरी हिसका देतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? संपला गेम."

"एवढंच?"

"एवढंच. पण तुमी एकदा त्यो हिसका बसू द्या हाताला, मग बोला."

त्या बंगल्याच्या गेमनं तर आमच्या घरात कलह माजवला. त्यात आपण राखणदार असतो, आणि रोज सकाळी घरातली एखादी वस्तू बोटभर सरकलेली असते. कोणती, ते ओळखायचं. तो खेळ चालू असताना साडू आमच्याकडं जेवायला आले. जेवता जेवता थांबले, फ्रिजकडं बराच वेळ टक लावून बघत राहिले आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाले, "हे इथंच व्हतं का?" बास, एवढंच. पण त्यानंतर आठवडाभर माझी बायको उठल्या उठल्या आधी फ्रिज बघायची, मग मला.

शिफारशीला त्यांना जागाही कोणती चालते म्हणाल, तर कोणतीही. दातांच्या डॉक्टरला त्यांनी तोंड उघडं असताना गेम समजावून सांगितला आहे. पाचोडला एका लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला "निवांत झाल्यावर बघा" म्हणून नाव लिहून दिलं आहे. दौलताबादचा किल्ला बघायला आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो होतो, तेव्हा अंधारीत, त्या डोंगरातल्या काळ्याकुट्ट वाटेत, गाइड दिवा घेऊन पुढं चालला होता आणि शत्रूला कसं फसवायचे ते रंगवून सांगत होता. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली निसरडं, आणि मागून साडूंचा शांत आवाज : "याच्यापेक्षा भारी भुयार हाये माझ्याकडं. त्यात फकस्त आपल्या पावलांचा आवाज येतो. मग आपण थांबतो. पावलं नाय थांबत." गाइड थांबला. आम्ही सगळे थांबलो. मागं कुठंतरी एक पाऊल वाजलं. ते कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही. पण बीडहून आलेलं एक कुटुंब तिथूनच मागं फिरलं, आणि गाइडनं उरलेला इतिहास बाहेर उन्हात उभं राहून सांगितला.

तर अशा या माणसाला चारेक वर्षांपूर्वी एक गेम सापडला. त्याचं नाव परदेशी आणि लांबलचक होतं, साडू त्याला नुसतं 'बंदर' म्हणायचे. त्यामुळं ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, शेजारणींना सांगायची, "आमचे हे दुपारभर बंदर बघत बसतात," आणि शेजारणी गच्चीवर माकड शोधायच्या. हा गेम एकट्याचा नव्हता. जगभरातल्या माणसांनी एकाच वेळी येऊन राहावं, असं ते धुक्यातलं समुद्रकाठचं गाव बनवलं होतं. येईल त्याला एक घर. दाराशी कंदील. तो आपल्या हातानं लावायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत तो विझायचा. पडद्याच्या कोपऱ्यात गावात आत्ता किती माणसं हजर आहेत तो आकडा दिसायचा. सुरुवातीला म्हणे तिथं बाजार भरायचा, लग्नं लागायची. मग माणसं दुसरीकडं गेली. साडू पोचले तेव्हा कोपऱ्यात आकडा होता, एक. म्हणजे ते स्वतः.

दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. साडूंनी तिथं बिऱ्हाड केलं. रोज दुपारी जाऊन आपल्या गल्लीतल्या सगळ्या घरांचे कंदील लावायचे. का, तर "कुणी चुकून आलंच तर भकास नको वाटायला." बंदराची त्यांनी इतकी तारीफ केली, की कारखान्यात त्यांच्याशेजारी डबा खायला कुणी बसेना. पण चार वर्षांत तिथं कुणी चुकूनसुद्धा आलं नाही.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी ते गावात शिरले, तर सगळे कंदील लागलेले. त्यांच्या गल्लीतले, मागच्या गल्लीतले, पार धक्क्यापर्यंत. कोपऱ्यात आकडा मात्र एकच.

त्यांनी मला बँकेत फोन केला. "साडूभाऊ, गावात कुणीतरी हाये." आवाज खाली आला होता. मी म्हणालो, कंपनीनं काही बदल केला असेल. ते "असंल" म्हणाले आणि फोन ठेवला. आठवडाभरानं फोन आला तो ताईचा.

"भावजी, ह्यांच्या तोंडी सारखी 'ती' असते. जेवताना म्हणतात, आज ती दिसली. आज ती धक्क्यावर होती. बाई असती तर मी बघून घेतलं असतं हो. पण बाई नाही म्हणतात. मग आहे काय?" आणि ती रडायला लागली. ताईला रडताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी गेलो. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. आत पडदे ओढलेले, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. साडूंनी मला खुर्ची दिली, ओठावर बोट ठेवलं आणि आम्ही गावात शिरलो. मी असल्या गोष्टींना भिणारा माणूस नाही; पण त्या धुक्यात रांगेनं जळणारे कंदील आणि कोपऱ्यातला तो एकाचा आकडा बघून मी पाय खुर्चीवर वर ओढून घेतले. एका घराचं दार उघडं होतं. आत चूल पेटलेली, शेजारी पाट मांडलेला.

"हे कुणाचं घर?"

"कुणाचंच नाय. परवापातुर चूल थंड व्हती."

पुढं धक्का. धक्क्याच्या टोकाला, पाठमोरी, डोक्यावरून काहीतरी पांघरलेली ती उभी होती. साडू सावकाश पुढं गेले. धुकं दाटलं, विरळ झालं, आणि तिथं फक्त फळ्यांवर ओली पावलं होती. समुद्राकडून गावाकडं आलेली.

त्याच क्षणी लाइट गेली. कूलर घरघरून थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालूच राहिला, आणि त्या शांततेत कूलरखाली दबलेला आवाज आम्हाला ऐकू आला. कुणीतरी अगदी हळू गुणगुणत होतं. शब्द नव्हते. पोराला थोपटताना बायका जसा नुसता सूर धरतात, तसं.

मागं कपबशा खणखणल्या. ताई चहा घेऊन दारात उभी होती. "कोण गातंय?" तिनं विचारलं. साडू वळलेसुद्धा नाहीत. "मला वाटलं मला एकट्यालाच येतंय ऐकू," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात भीती नव्हती, सुटका होती.

मी ताईला काय समजावणार? मी म्हणालो, बनवणाऱ्यांनीच ही बाई घातली असेल. साडूंनीही ते मान्य केलं. "पण चार वर्सं मी येतोय, अन् ती आत्ता आली," एवढंच पुढं जोडलं. ताईनं त्या दिवसापासून दुपारी स्वयंपाकघरात बसणं सोडलं. ती साडूंच्या मागं खुर्ची टाकून भाजी निवडू लागली. लक्ष ठेवायला म्हणून.

पावसाळा सरता सरता बंदरात शिरताना पडद्यावर सूचना येऊ लागली : हे गाव अमुक दिवशी कायमचं बंद होणार. साडूंचं जेवण कमी झालं. कारखान्यातून येऊन ते कंदील लावायचे आणि नुसते बसून राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "बंद व्हायचं ते होईल. पण रिकामं असताना बंद झालं, असं नको व्हायला." शेवटच्या दिवशी तरी या, म्हणून त्यांनी साऱ्या ओळखीच्यांना गळ घातली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरनं तर वेळही विचारून घेतली. आलं कुणीच नाही.

म्हणजे आम्ही सोडून. त्या संध्याकाळी मी आमचा लॅपटॉप घेऊन गेलो, ताई आणि माझी बायको शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर दोघींत मिळून एक बाई झाल्या, आणि साडू आपल्या जागेवर. त्यांच्या शेजारी त्यांची आई. डोळे दाखवायला पाचोडहून आलेली ही म्हातारी पायावर शाल घेऊन बसली होती आणि हे काय चाललंय, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. कोपऱ्यात आकडा आला, तीन. साडूंनी तो दोनदा डोळे पुसून पाहिला. चार वर्षांत तो पहिल्यांदाच हलला होता.

आम्ही कंदील लावत निघालो. माझी बायको दोनदा समुद्रात पडली. ताईनं एका रिकाम्या घरात शिरून, "इथं ओटा कुठाय?" म्हणून चौकशी केली. हसत हसतच आम्ही चौकात जमलो. आणि ताई पडद्यावर बोट ठेवून आम्हाला मोजू लागली.

"आपण तीन ना?" ती म्हणाली. "मग ही कोण?"

चौकात आमच्या बरोबरीनं चौथी उभी होती. डोक्यावरून पांघरलेलं, तोंड सावलीत. कोपऱ्यात अजून तीनच. माझ्या बायकोनं माझं मनगट धरलं, ते नंतर दोन दिवस दुखत होतं. साडूंनी तिला लिहून विचारायला हात उचलला.

"नगं इचारू," म्हातारी म्हणाली. सगळ्या संध्याकाळीत ती पहिल्यांदाच बोलली. "गाव म्हणल्यावर मागं कुणीतरी ऱ्हातंच. उभी ऱ्हाऊ दे तिला."

साडूंनी हात खाली घेतला. आम्ही तसेच उभे राहिलो, चौघं, कंदिलांच्या उजेडात. उन्हाळ्यातला तो सूर पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी त्याच्यात खोलीतलाही एक आवाज मिसळला होता. म्हातारी गुणगुणत होती. तोच सूर. तिला तो आधीपासून येत होता, की ऐकता ऐकता तिनं उचलला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग धुकं पांढरं झालं, आणखी पांढरं झालं, आणि पडद्यावर एक कोरडी ओळ आली की आता जोडणी उपलब्ध नाही.

साडूंनी कळ दोनदा दाबून पाहिली.

"बुडालं व्हय?" म्हातारीनं विचारलं.

"बंद झालं, माय."

"तेच ते. आपलं बी असंच गेलं. सांगूनसवरून." मग आमच्याकडं वळून तिनं सांगितलं, की पाचोड हे काही त्यांचं मूळ गाव नव्हे. मूळ गाव जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. निघाले तेव्हा साडू कडेवर होते. तीस वर्षांच्या नात्यात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. ताईनंही ओझरतीच ऐकली होती. साडूंनी मात्र आईकडं असं पाहिलं, जणू खालून कुणीतरी हाताला हिसका दिला होता.

पुढच्या रविवारी आम्ही म्हातारीला धरणावर नेलं. सकाळची वेळ होती, पाणी भरलेलं, डोळा पोचेल तिथवर नुसतं चकाकत होतं. तिनं थोडा वेळ अंदाज घेतला आणि बोट केलं, "तिथं." आम्हाला पाण्याशिवाय काही दिसलं नाही. साडू तिच्याशेजारी दगडावर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, "आपल्या घराला लागून कुणाचं घर व्हतं, माय?" तिनं सांगितलं. त्यांच्या दारात निंब होता, म्हणाली, आणि सून भांडखोर होती. "अन् त्याच्या पुढं?" तिनं तेही सांगितलं. साडू मान हलवत होते, अगदी सावकाश पुढं जात होते, एकही दार न गाळता. ताईनं डबा उघडला, पोळ्या निवून गेल्या. ऊन डोक्यावर आलं, तरी त्या दोघांची पहिली गल्ली काही संपली नव्हती.