अनब्लॉक केल्यावर आलेला पहिला मेसेज

मैत्रिणींनो, आज दुपारी कॅन्टीनमध्ये जेवताना मी एक नंबर अनब्लॉक केला.

नंबर आमच्या जुन्या सुपरवायझरचा. नको ते मेसेज करायचा म्हणून ब्लॉक केला होता. नंतर त्याची बदली झाली. मीही कुरुळीची रूम सोडून रावेतला बहिणीकडे राहायला आले, पण कंपनीत कुणालाच सांगितलं नाही. कंपनीची बससुद्धा मुद्दाम आकुर्डीपर्यंत चालत जाऊन पकडते.

आज तोच माणूस आमच्या लाइनवर परत आला. शिफ्ट आणि बसचे निरोप आता त्याच्याच नंबरवरून येणार. ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, जुनं सोडून दे आता. निरोप मिळाला नाही तर तुझाच खाडा लागेल."

केला अनब्लॉक. ताट संपायच्या आत त्याचा मेसेज आला.

"उद्यापासून आकुर्डीपर्यंत चालायची गरज नाही. बस रावेतला तुझ्या बिल्डिंगसमोर थांबेल. ड्रायव्हरला सांगितलंय मी."

मॅडमना दाखवला, तर म्हणाल्या, "बघ, किती काळजी घेतो."

आता तुम्हीच सांगा, तक्रारीत लिहू तरी काय? बस दारात येते म्हणून?