मोरीचा आवाज

लातूर जिल्हा नवा झाला होता, आमची क्वार्टरं नवी होती आणि नळाला पाणी नव्हतं. आम्ही घमेल्यात बसून अंघोळ करायचो आणि तेच पाणी संडासात ओतायचो. मोऱ्या कोरड्या पडल्या, तरी गुडगुडायच्या. मग मोऱ्या दुरुस्त करणाऱ्या प्लंबरला बोलवावं लागे.

तो आधी फरशीवर पालथा पडून जाळीला कान लावायचा. कुणी बोललं की खेकसायचा, "गप ऱ्हावा की जरा!" कुणाच्या घरी पाणी मागायचा नाही. खांद्याला स्वतःची पाण्याची छागल असायची.

त्या दुपारी तो असाच पडलेला असताना मोरी एकदम खळखळली. वरच्या मजल्यावर सिस्टरबाई एकट्याच राहायच्या. त्यांनी बादलीभर पाणी सोडलं होतं.

"दुष्काळात ही चैन?" मी तणतणत दाराकडे निघालो.

"थांबा सायेब. बाई रडायलीय."

मी वाकलो. जाळीतून हुंदके येत होते. सकाळी तारवाला जिना चढताना मी पाहिला होता.

"मयताची अंघोळ हाय ही," तो म्हणाला. "डोक्यावरून घ्यावीच लागती."

मग त्यानं छागल उघडली आणि प्यायचं सगळं पाणी जाळीत रिचवलं.

"खालच्या पायपाच्या बाकातलं पाणी वाळलंय, म्हणून वरचं सारं ऐकू येतंय. दुसऱ्याचं रडणं असं चोरून ऐकू न्हाई."

हुंदके थांबले. म्हणजे आमच्यापुरते. रिकामी छागल खांद्याला लावून तो उन्हात निघून गेला.

मोरी दुरुस्त झाली होती.