मशीनमधली ओल

थोरल्या भावाची फुप्फुसे खडी क्रशरच्या धुळीने गेली. त्याआधी तो मेंढ्या राखायचा. कळप चुलतभावाच्या हवाली करून तो क्रशरवर लागला, कारण तिथे महिन्याचा पगार होता आणि पोरीला शिकवायचे होते. पोर शिकली. ती इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. भाऊ आणि वहिनी अजिंठ्याजवळचे गाव सोडून शहरातल्या छावणीलगतच्या माझ्या घरी राहायला आले, तेव्हा त्याच्या नाकात नळी होती.

नळीचे दुसरे टोक मशीनला. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे हे मशीन करोनाच्या काळात कुणीतरी घेतलेले, नंतर अडगळीत पडलेले, म्हणून आम्हाला मिळाले. ऑक्सिजन कमी पडला की पेटायचा दिवा त्यात होता, पण तो बंद पडलेला होता. विकणाऱ्याने ते सांगितले होते. मशीन रात्रंदिवस घुरघुरत असे.

"ही माझी दुसरी बायको," भाऊ आल्यागेल्याला सांगायचा. "झोपू देत नाय."

"पहिलीनं कधी त्रास दिला म्हणावं?" वहिनी आतून विचारायची.

"पहिलीचा आवाज जास्त. अन् तिला बटन नाय."

पुतणीने एकदा त्याला मशीनचे पोट समजावले. आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात. दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. पंप हवा दाबतो, हवेतला नायट्रोजन त्या छिद्रांत अडकतो, ऑक्सिजन पुढे निघून नाकात येतो. मग दाब काढला की अडकलेला नायट्रोजन बाहेर पडतो आणि दाणे पुन्हा मोकळे.

"अन् तू काय करती तिकडं दिवसभर?" भावाने विचारले.

"असंच, आबा. पण माझ्याकडं दाण्यांऐवजी पूड असती, तिला दाब लागत नाय. छिद्रांत वायू भरून ठेवायचा. थोडी वीज दिली की छिद्रांचा आकार बदलतो अन् वायू बाहेर येतो. वीज काढली की परत भरता येतो."

"म्हंजी वाघर," भाऊ म्हणाला. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी. धनगर ती रानात खुंट्यांवर उभी करतात. "जाळी एका अंगानं उचलली की मेंढरं बाहेर. तू जाळी विजेनं उचलती, एवढंच."

"एवढंच," पुतणी हसून म्हणाली. "अजून नीट उचलत नाय पण."

"कवा उचलंल?"

"आबा, मी तुमच्यासाठी नाय करत ते. माझ्यात ऑक्सिजनसुद्धा नसतो, दुसराच वायू असतो. अन् पूड चिमूटभर. त्यातून एक श्वास व्हायचा नाय."

तिने हे स्वच्छ सांगितले, आणि पुढेही दरवेळी तेच सांगितले. तरीही तो दरवेळी विचारायचा. त्याच्या डोक्यात खांद्याला अडकवायची एक डबी होती. बटन दाबले की हवा. ती घेऊन त्याला रानात जायचे होते.

त्याचे कारण साधे होते. दर उन्हाळ्यात पिके निघून रान मोकळे झाले की चुलतभाऊ कळप घेऊन येतो आणि भावाच्या वावरात मेंढ्या बसवतो. लेंड्यांचे खत जमिनीत मुरते. त्याबदल्यात धनगराला धान्य द्यायचे. मेंढ्या बसतील त्या संध्याकाळी वावराच्या मालकाने वाघरीच्या आत जाऊन कळपातून एक फेरी मारायची, ही आमच्याकडची रीत. भाऊ क्रशरवर होता तेव्हाही त्या संध्याकाळी रजा काढून जायचा. नळी लागल्यापासून त्याचे जाणे झाले नव्हते.

यंदा ते जमण्यासारखे होते. डॉक्टरांनी हो म्हटले होते. बांधापर्यंत गाडीतून मोठे सिलिंडर, तिथून पुढे खांद्याला छोटे. त्याला लागणारा ऑक्सिजन कमी होता. छोटे सिलिंडर एका फेरीला पुरले असते. चुलतभावाशी फोनवर बोलणे झाले. वहिनीने धान्य निवडून ठेवले. भाऊ खोलीतल्या खोलीत चालण्याचा सराव करू लागला.

मग ऊन तापले. मशीन गरम होऊ लागले, भावाला घाम फुटू लागला. घरात इन्व्हर्टरचे कनेक्शन एकाच खोलीत आहे, मागच्या. वीज गेली तरी मशीन चालले पाहिजे, म्हणून मशीन आणि खाट तिथेच. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी शहरातल्या इतर घरांप्रमाणे आम्हीही दिसेल ते भांडे भरतो. पाण्याचे ड्रमही मागच्याच खोलीत, भिंतीला लावून, तोंडाशी ओले फडके टाकलेले. तिथेच कूलर आणला. मशीनलाही गारवा मिळावा म्हणून पुतणीने ते कूलरच्या समोर सरकवले. भाऊ म्हणाला, "आता लागली थंडगार हवा." सगळ्यांना बरे वाटले.

काही आठवड्यांत त्याला धाप लागू लागली. उन्हाळ्याने, असे आम्ही धरले. पुतणीने मशीनवरचा ऑक्सिजनच्या प्रवाहाचा आकडा थोडा वाढवला. धाप कमी होईना, म्हणून आणखी वाढवला. मशीन पूर्वीसारखेच घुरघुरत होते. एका सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा त्याचे ओठ निळसर पडलेले होते आणि त्याला कप धरता येईना.

तो अतिदक्षता विभागात असताना मी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मशीन उलटे करून आतली नळकांडी उघडली. दाणे सुटे राहिले नव्हते. भिजून आळलेल्या साबुदाण्यासारखा त्यांचा गोळा झाला होता, आणि काही दाण्यांचे पीठ होऊन नळीत उतरले होते.

"पानी पी गया है ये," तो म्हणाला. "हवा तो दे रहा था, ऑक्सिजन नहीं. कूलर के सामने रखा था क्या?"

पुतणीने ते पीठ चिमटीत घेतले आणि बोटांवर चोळून पाहिले. तिची पूड प्रयोगशाळेत काचेच्या बंद पेटीत असते. पेटीत कोरडा वायू सोडलेला असतो, आणि हात रबरी मोज्यांतून आत घालायचे असतात, कारण बाहेरच्या हवेतली ओल छिद्रांत शिरली की तिथून हलत नाही आणि दुसऱ्या कशाला जागा राहत नाही. हे तिनेच मला सांगितले होते. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "ओल आहे." मग बराच वेळ हात धूत राहिली.

भाऊ वाचला. घरी आला तेव्हा त्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी पटींनी वाढला होता. खांद्यावरचे सिलिंडर गाडीतून उतरून जाळीपाशी पोचेपर्यंतच संपले असते. डॉक्टरांनी फुप्फुसांचा गेलेला भाग परत येत नाही असे सांगितले. पुतणी त्याच्यापुढे रडली तेव्हा तो म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस का, माय?" आणि तेवढ्यानेही दमला.

चुलतभावाला यातले काही कळवले नव्हते. त्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती. वहिनीने फोन स्पीकरवर टाकून भावाच्या छातीवर ठेवला. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता.

"दादा, बसली मेंढरं. वाघर लावली. निघालास ना?"

"नाय."

"उद्या येतूस का मग? कळप थांबवतो दोन दिस."

"नको थांबवू." भावाने श्वास जमवला. "पुढल्या सालापासून दुसऱ्याच्या रानात बसव. ज्याला फिरता येतं त्याच्या."

पलीकडे मेंढ्या ओरडत राहिल्या. वहिनीने फोन उचलून बंद केला. निवडलेल्यातले एका रात्रीपुरते धान्य तिने चुलतभावाकडे पाठवले, उरलेले नंतर कोठीत ओतून टाकले.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुतणीच्या पुडीने वायू सोडला. वीज दिली की सुटतो, काढली की पुन्हा भरता येतो, आणि हे वारंवार होते, असे आलेखात दिसत होते. तिने मोबाइलवर तो आलेख त्याला दाखवला. त्याने पाहिला. कवा, कशी, किती, काहीच विचारले नाही. तिने मोबाइल तसाच थोडा वेळ धरून ठेवला, मग खाली घेतला.

आता दुसरे मशीन आहे. ड्रम पुढच्या खोलीत आणले आहेत; येणारे लोक त्यांना वळसा घालून आत येतात. मागच्या खोलीत ओले फडकेही ठेवत नाही. कूलर गच्चीवर झाकून ठेवला आहे. खोलीत पंखा तेवढा फिरतो, या खोलीवरच्या पत्र्याचे ऊन खाली उतरते, आणि भावाच्या पाठीखालची चादर दिवसातून कितीदा तरी बदलावी लागते. पुतणी सुट्टीच्या दिवशी त्याच्या उशाशी बसते.

"पोरी," दुपारी तो म्हणतो, "कूलर लाव गं थोडा."

ती मशीनकडे बघते आणि बसून राहते.