आई, आधी पाणी

वसतिगृहाच्या फाटकाशी केशवदादांचा धाकटा भाऊ उभा होता. मुदखेडहून नांदेड, तिथून एस.टी.नं लातूर, असा भर उन्हातला प्रवास करून आलेला माणूस. ओठ सुकलेले. मी आत जाऊन तांब्या भरून आणला. तो म्हणाला, "नको ताई." एवढंच. पुढचं त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं… शेतात केशवदादांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं सांगून भाऊ मागं न बघता निघून गेला.

आमच्या भागात मयताचा निरोप आणणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नसतं. बाहेर उभं राहून सांगायचं आणि वाटेला लागायचं. आम्ही बौद्ध, असले रिवाज घरातून केव्हाच काढून टाकलेले. आमच्या वस्तीतून कॉलेजात आलेली मी पहिलीच मुलगी, तेव्हा मी तर ते मानूच नयेत. पण हा एक रिवाज मी विसरू शकत नाही. केशवदादा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते असाच निरोप घेऊन. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. पुस्तक उघडते, ओळी पुढं सरकतात, डोक्यात काही राहत नाही. म्हणून हे लिहायला बसले. नीट जमेल असं नाही…

माझा मोठा भाऊ अशोक फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर घरी तार आली, त्यात तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मी तेव्हा दुसरीत होते. आईनं त्या शब्दाचा एकच अर्थ धरला : सापडला नाही म्हणजे गेला नाही. पुढं दुष्काळ पडला. चाकूरजवळच्या आमच्या गावात वस्तीची विहीर आटली. गावविहिरीवर आम्हाला जायची सोय नव्हती. आई पहाटे नदीच्या वाळूत खड्डा करायची, झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायची आणि मग तलावाच्या कामावर माती उचलायला जायची. अशा दिवसांत एका दुपारी खाकी कपड्यांतला, एका पायानं लंगडणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, मी केशव. मुदखेडचा. अशोकच्या पलटणीतला." हे नाव अशोकच्या पत्रांतून घरात माहीत होतं.

आई कामावरून नुकतीच आली होती. तिनं हातची पाटी टाकली आणि तांब्या भरून आणला. त्या उन्हाळ्यात पाहुण्यापुढं भरला तांब्या धरणं म्हणजे काय, ते आज कुणाला सांगून पटणार नाही. केशवदादा मान खाली घालून म्हणाले, "पाणी नगं, मावशी."

आईचा चेहरा बदलला. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "का? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय? माझ्या लेकासंगं एका ताटात जेवत हुतास की! पलटणीत शिवाशिव नसती, आन् गावाकडं उतरलं की लागती?"

"तसं न्हाई, मावशी…"

"मग कसं हाय? तोंडानं मावशी म्हणायचं आन् पाण्याला नगं म्हणायचं!"

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. केशवदादा कुणब्याच्या घरचे. आई त्यांना काय म्हणते आहे, ते सगळ्यांनाच कळत होतं. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं, तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. आईनं दुसरा भरून दिला, तोही प्यायले. मग आईनं त्यांना आत बसवलं, रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी वाढली. ती खाताना आम्ही नेहमी नाक मुरडायचो. ते म्हणाले, "लई ग्वाड हाय." आई हसली. "खोटं बोलायला पलटणीत शिकिवतात का रं?" तिला इतकं हसताना मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते. अशोकचं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी दवाखान्यातून सुटून आत्ताच येऊन राहिलो… बघू…" आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो म्हणून उठले.

त्या संध्याकाळी आई वस्तीभर सांगत फिरली. "मयताची खबर आणणारा पाणी पीत न्हाई. ह्यो तर दोन तांबे पिला, भाकर खाल्ली. माझा अशोक जित्ता हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कामावर न्यायची भाकरी फडक्यात बांधत होती, तेव्हा ते पुन्हा दारात आले. गाडीनं गेलेच नव्हते. चाकूरच्या स्टँडवर पडून राहिले होते आणि उजाडताच चालत आले होते, त्या पायानं. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली.

"मावशी, आज पाणी नगं."

आईनं मान वर केली नाही. फडक्याला गाठ मारली, सोडली, परत मारली. केशवदादा सांगत राहिले. ते दोघं एकाच खंदकात होते. गोळा पडला. यांच्या पायावर आलं, अशोकच्या जिवावर. पलटणीला मागं हटावं लागलं, देह तिथंच राहिला, म्हणून तारेत बेपत्ता. "हाल झाले न्हाईत त्याचे. मी जवळ हुतो." पुढं मोठी झाल्यावर मी एकदा त्यांना विचारलं होतं, दादा, खरंच हाल झाले नाहीत? ते म्हणाले, "तू कॉलेजात काय शिकून राहिली ते सांग बरं." मी परत विचारलं नाही. तो प्रश्न मात्र अजून माझ्याजवळच आहे…

त्यानंतर ते दर वर्षी येत राहिले. पायामुळं फौज सुटली, मुदखेडला शेती पाहू लागले. वाड्यावस्त्यांवर पायी येणारा माणूस लांबूनच दिसतो, आणि त्यांना पाहून आईच्या काळजात काय होत असेल हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचे, "आई, आधी पाणी!" मावशीची आई कधी झाली ते कळलंच नाही. दारातच तांब्या रिकामा करायचे, मग वहाणा काढायचे, मग रामराम. लातूर जिल्हा झाला तेव्हा आईला म्हणाले, "आता तुम्ही जिल्ह्याची माणसं. आमच्या नांदेडवाल्यांना वळख देताल का न्हाई?" आई म्हणाली, "पाण्याला नगं म्हणला न्हाईस, तर देईन."

हे सगळं, फाटकाशी निरोप मिळाला त्या दिवशी, चाकूरच्या गाडीत मला आठवत होतं. निरोप आता मला सांगायचा होता. उतरेपर्यंत मी ठरवत होते, घरात जायचं, पाणी प्यायचं आणि शहाण्या माणसासारखं नीट सांगायचं. दारात आई तांब्या घेऊन आली. "उन्हाची कशाला आलीस गं? घे." माझा हात पुढं झाला नाही.

या वेळी आई भांडली नाही. तांब्या उंबऱ्यावर ठेवून तिनं विचारलं, "कोन?"

"केशवदादा."

ती खाली बसली. बोलली ते मला नाही, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं. "मला पैल्याच दिवशी कळलं हुतं. नगं म्हणला तवाच. म्हणून तर जातीवर गेले त्याच्या. तो घाव सोसायची सवय हुती… दुसरा कसा सोसावा? म्हणलं, पाणी पिला की त्याला सांगताच येणार न्हाई."

मग म्हणाली, "पिला बिचारा. एक रात दिली मला त्यानं. आन् दुसऱ्या दिवशी तसाच कोरड्या घशानं गेला, उन्हात."

तिनं तांब्या उचलून माझ्या हातात दिला. "तू पी. तू घरची हायस." मी प्यायले.

परवा सुटीत गेले तर दाराशी तोच तांब्या भरून ठेवलेला. दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी लांबून चालत येताना दिसलं आणि आई तांब्या हातात घेऊन उठून उभी राहिली.