तिसरं नाव

रोझामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या चर्चच्या ओसरीत उभी होते. दहाच मिनिटांपूर्वी फादरांनी मला एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि ते मावशीला कळवायला मी तिच्या शेजारणीचा, भीमाबाईचा, नंबर लावत होते. मावशीच्या झरीकडच्या गावात टावर आला तर आला. दोनदा लागला नाही. मग माझाच फोन वाजला, भीमाबाईच होती. "आग्नेस, निघून ये व बाई. मावशी नाही राह्यली." मी म्हटलं, "अहो पण मला तिला एक सांगायचं होतं…" काय बोलून गेले मी, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. भीमाबाई म्हणाली, "सकायी सातलेच गेली." म्हणजे मी फादरांसमोर बसून पदराचं टोक पिळत होते, तेव्हा ती नव्हतीच.

याला आता दीड महिना होईल. मी स्वभावानेच काळजीखोर. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघते, कुलूप ओढून बघते आणि बसस्टँडवर पोचल्यावर पुन्हा वाटतं, ओढलं होतं ना? नवरा म्हणतो, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी करशील. पण ही काळजी कुलपासारखी ओढून बघता येत नाही. मावशी भीत भीत गेली का, एवढंच मला कळायला हवंय, आणि ते सांगणारं कुणी नाही.

रोझामावशी माझ्या आईची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. मिशनच्या लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिथेच म्हातारी झाली. आजूबाजूच्या कोलाम पोडांवरून, त्या लहान लहान वस्त्यांवरून, बाया तिच्याकडे बाळंतपणाला यायच्या, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस मावशीच सगळं. चालणं घाईचं, बोलणं त्याहून घाईचं. माझा जन्मही तिच्याच हातचा. आईला आठवा महिना होता, भर दुपार होती, आणि मी आले ती निळी पडलेली, न रडता. त्याआधी आईचं एक मूल गेलेलं. आमच्यात अशा वेळी फादरांची वाट बघत नाहीत. जीव धोक्यात असला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी हवं, शब्द हवेत आणि मनात तोच हेतू हवा. मावशीने निळ्या काठाचा इनॅमलचा मग उचलला आणि माझ्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. तिसऱ्या पाण्याला मी रडले. ही गोष्ट आमच्या घरी माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जायची. आई सांगायची, मावशी ऐकायची आणि मधेच उठून स्वयंपाकघरात जायची. आम्हाला वाटायचं, कौतुक सहन होत नाही तिला.

लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचे, तेव्हा मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, तिच्या शेजारी बसायची मला लाज वाटायची. क्रुसाची खूण करताना सगळं चर्च एका दमात म्हणून मोकळं व्हायचं, "पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन." मावशी मात्र दुसऱ्या नावानंतर थांबायची. श्वास घ्यायची. मग सगळे आमेन म्हणून बसायला लागले की हिचा आवाज यायचा, एकटा, खणखणीत: "पवित्र आत्म्याच्या." पुढच्या बाकावरची पोरं वळून हसायची. मी तिला कोपराने ढोसायचे. "मावशे, लवकर म्हण ना." ती म्हणायची, "तुले काय घाई हाये? कुठी गाडी सुटून राह्यली का तुही?" बाकी सगळ्या गोष्टींत वादळासारखी घाई करणारी ही बाई, त्या एका ठिकाणी मात्र कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

रविवारी मिस्सेनंतर ती मुलांना धर्मशिक्षण द्यायची. एकदा कुणीतरी विचारलं, देव तीन आहेत की एक? मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मावशीने सगळ्यांना दवाखान्यामागे नेलं. तिथे तीन दगडांची चूल होती, बाळंतिणींच्या पाण्यासाठी. "हे काय हाये?" "चूल." "किती चुली?" "एक." "आन् दगड?" "तीन." मग तिने एक दगड पायाने सरकवला आणि म्हणाली, "आता ठेवा पानी." फादरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, पवित्र त्रैक्याचं गूढ इतकं सोपं नाही हो सिस्टर. मावशी म्हणाली, "सोपं हाये असं म्या कुठी म्हनलं? एक नसला तं भांडं पडते, एवढंच म्हनलं." आम्ही खूप हसलो होतो. तिचा चेहरा मात्र उतरला होता, आणि तो दगड तिने लगेच हाताने जागेवर लावला, पुन्हा पुन्हा हलवून बघितला. माझी कुलूप ओढायची सवय कुठून आली असेल, हे मला आता कळतं.

माझा पहिला ख्रिस्तप्रसाद होता त्या दिवशी ती तापाने पडली. बाप्तिस्मा पक्का करतात त्या दृढीकरणाच्या आदल्या दिवशी फादरांच्या दारापर्यंत जाऊन परत आली, आईने पाहिलं होतं. माझ्या लग्नात तर तिने कहर केला. सगळे वऱ्हाडी जेवायला गेले आणि ही चर्चमध्ये एकटी बसलेली. मी शोधत गेले तर म्हणाली, "काही नाही व, पाय दुखून राह्यले." मला राग आला होता. माझ्या लग्नाच्या दिवशी असं तोंड करून बसायचं म्हणजे काय?

शेवटची भेट ती जाण्याआधी तीन आठवडे. ऐंशीच्या पुढची, सुकून गेलेली. मी मोसंबी सोलत होते. तिने माझा हात धरला आणि एकदम म्हणाली, "आग्नेस, तिसरं नाव म्या घेतलं नसन."

मला काहीच समजलं नाही. ती सांगत गेली, थांबत थांबत… "पित्याच्या म्हनलं, पानी टाकलं. पुत्राच्या म्हनलं, पानी टाकलं. तिसऱ्या डाव पानी टाकलं आन् तू रडली. तू रडली तशी मले हासू आलं, रडू आलं. पानी पडलं व, पन नाव? नाव तोंडातच राह्यलं का काय, मले आठवतच नाही." माझ्या जन्मानंतर आठवड्याने मिशनचे फादर आले, चर्चमध्ये उरलेले विधी झाले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, शब्द सगळे बरोबर म्हटलेस ना? "तुही माय बाजूले उभी होती. एक पोट्टं गमावलेली. तिच्यासमोर काय सांगू? म्या हो म्हनलं." आणि एकदा हो म्हटल्यावर ते परत घेता आलं नाही. बाप्तिस्माच झाला नसेल तर पुढचं काहीच धरायचं नाही, हे ती स्वतः धर्मशिक्षणात शिकवत होती. माझा ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न, जे जे होत गेलं ते सगळं तिला त्या सरकवलेल्या दगडावर दिसत होतं. त्रेचाळीस वर्षं. "फादरले विचारजो," ती म्हणाली. "काही करता येते का ते इचार. आन् मले सांगजो. लवकर सांगजो."

लवकर. आणि मी काय केलं? वीस दिवस घालवले. खरं सांगायचं तर मी घाबरले. फादरांनी वाकडं काही सांगितलं तर? माझं लग्न, माझी मुलगी… रोज म्हणायचे उद्या जाईन. गॅस दोनदा बघणारी मी, हे एकदाही बघायला गेले नाही. मावशीचा मला राग येत होता, की हे ओझं आता माझ्याकडे काहून दिलं. तिने ते माझं पूर्ण आयुष्य एकटीने वागवलं होतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

शेवटी गेले तर पाच मिनिटांचं काम. फादर म्हणाले, शंका असेल तर त्यासाठीही शब्द आहेत. 'जर' लावून बाप्तिस्मा देतात: जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर. झालेला असेल तर काही बिघडत नाही, नसेल तर होतो. लग्नाचं ते बघून घेणार होते, त्याचीही वाट निघते म्हणाले. मग म्हणाले, "आणि मावशींना सांगा, संस्काराने आपण बांधले जातो, देवाचे हात बांधले जात नाहीत. एवढी वर्षं भ्यायचं काही कारण नव्हतं." मी उठले, ओसरीत आले, फोन काढला.

माती झाल्यावर भीमाबाईला मी विचारलं, शेवटी काही बोलली का? भीमाबाई बौद्ध, तिला आमची प्रार्थना ठाऊक नाही. तिने जे पाहिलं ते सांगितलं. "पानी मांगितलं, पन प्याली नाही. बोट बुडवून कपायाले लावलं. काही म्हनत होती हळूहळू. मंग थांबली. मले वाटलं दम लागला." मी म्हटलं, थांबली, मग पुढे काही म्हणाली का? भीमाबाई म्हणाली, "थे मले कसं समजन, बाई? तोंडाचा आवाजच नव्हता येत." तो निळ्या काठाचा मग तिच्या खाटेखालीच होता. काठाचा टवका उडालेला. मी मागितला, भीमाबाईने धुऊन दिला.

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये फादर, नवरा, मुलगी आणि मी, एवढेच होतो. मगात पाणी घेतलं. त्रेचाळीस वर्षांची बाई मान वाकवून उभी, नवी साडी भिजेल म्हणून खांद्यावर टॉवेल. 'जर' म्हटलं, पहिलं नाव झालं, दुसरं झालं. मी डोळे मिटून कान देऊन उभी. फादरांनी तिसरं नाव घेतलं, स्पष्ट घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशे, घेतलं." फादरांनी ऐकलं असावं; त्यांनी रिकामा मग माझ्या हातात दिला.

वाटलं होतं, आता सुटेल. नाही सुटलं. दर रविवारी सगळं चर्च एका दमात म्हणून मोकळं होतं, आणि मी दुसऱ्या नावापाशी थांबते. श्वास घेते. खाटेवर थांबली होती ती, तिथेच. सगळे आमेन म्हणून बसायला लागतात, पुढची पोरं वळून बघतात, मुलगी कोपराने ढोसते, "आई, लवकर म्हण ना." मग मी म्हणते, मोठ्याने, तिचं राहिलं असेल तर म्हणून.