जज्जसाहेबांचा तोंडी हुकूम

न्यायाधीशाच्या मुखातून निघालेले, परंतु कागदावर न उतरलेले वाक्य पाळणे पक्षकारांस बंधनकारक असते काय, हा प्रश्न मजसमोर कोणत्याही ग्रंथातून आला नाही. तो मेडशीच्या एका शेतकऱ्याबरोबर, खांद्यावर घोंगडी टाकून, वाशीमच्या आमच्या पाठशाळेच्या ओसरीवर आला. हा गृहस्थ चातुर्मासात माझे पुराण ऐकण्यास येत असे. ज्याला जुने कायदे ठाऊक आहेत त्याला नवेही ठाऊक असणारच, अशी त्याची श्रद्धा होती. ती मोडण्याचे मला धैर्य झाले नाही.

प्रकरण त्याच्या मुलीचे होते. दिवाळीस ती माहेरी आली आणि परत नेण्यास सासरहून बैलांची दमणी आली. सोबत नवरा नव्हता, घरचा गडी होता. मुलीने दमणी परत पाठवली. "मी काय सरकीचं पोतं आहो?" ती गड्याला म्हणाली. "नेनाऱ्यानं सोता यावं." पंधरवड्याने पुन्हा तीच दमणी आणि तोच गडी आला व तसाच परत गेला. तिच्या सासऱ्याचे मत असे, की बोलावणे आल्यावाचून सासुरवाडीस जाणाऱ्या जावयाचे वजन उतरते. मुलीच्या बापाचे मत असे, की जावयास बोलावणे एकदाच जाते, ते लग्नात. दोन्ही मतांस परंपरेचा आधार होता. त्यामुळे कोणीच हलेना.

अखेर सासऱ्याने मुलाकडून वाशीमच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, की बायकोने नांदावयास यावे. कौटुंबिक न्यायालय म्हणून वेगळे काही त्या काळी नव्हते. बांधाचे आणि विहिरीचे दावे चालत, त्यांच्याच मध्ये नवराबायकोही उभी राहत.

तारखेस मी त्या बापलेकींबरोबर गेलो. न्यायाधीश वयाने पिकलेले आणि शांत मुद्रेचे होते. त्यांनी मुलीस विचारले, "तुला नांदायचे आहे?"

"हाय नं साहेब."

"मग जात का नाहीस?"

"न्याले कोनी आलंच नाई. बैल आले होते."

सारी कचेरी हसली. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही स्वतः मेडशीला जा आणि हिला मानाने घेऊन या. पुढच्या तारखेला मला दोघे एकत्र दिसले पाहिजेत."

"जी साहेब," नवऱ्याने हात जोडले. त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो दावा जिंकणाऱ्याचा नव्हता. सुट्टी मिळालेल्या विद्यार्थ्याचा होता. मीही मनोमन त्या आसनाला वंदन केले.

परंतु बाहेर आल्यावर सासऱ्याने वकिलांकरवी त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल काढविली. या वृद्धाने तरुणपणी एका कागदाच्या बळावर शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला जिंकला होता, आणि तेव्हापासून त्याची कागदावरील निष्ठा एखाद्या व्रतस्थासारखी होती. वकिलांनी वाचले : "उभय पक्ष हजर. समझोत्यासाठी पुढील तारीख."

"याच्यात पोरानं मेडशीले जावं म्हून कोठी लिवलं?"

"लिहिलेले नाही."

"मंग साहेब बोललेच नाई."

"काका," मी नम्रपणे म्हणालो, "भर कचेरीत बोलले. आपण तेथेच उभे होता."

"बोलनं येगळं, लिवनं येगळं, महाराज. बोलनं वाऱ्याचं."

मी वकिलांकडे पाहिले. ते सज्जन होते. त्यांनी घसा साफ केला. "महाराज, जे मिसलीत, म्हणजे दाव्याच्या कागदांत, नाही ते झालेच नाही, असे आम्ही धरतो. न्यायाधीश बोलतात तो उपदेश. लिहून सही करतात तो हुकूम."

"वेद तर सहस्रावधी वर्षे कागदावर नव्हते," मी म्हणालो. "म्हणून त्यांची आज्ञा कोणी अमान्य केली काय?"

"केली नसेल. पण त्यांची नक्कल मागायला आमच्याकडे कोणी आले नाही."

मी बापलेकींना घेऊन मेडशीच्या मोटारीकडे निघालो.

दिवस जाऊ लागले. मेडशीस मुलगी रोज पहाटे अंगणात सडा टाकी आणि वाशीमची मोटार येण्याच्या वेळी काही ना काही निमित्त काढून दारात येई. भाऊबंद बापाला सांगू लागले, की दुसरे घर पाहावे. "ते बोलत नाई महाराज," बाप मला म्हणाला. "रस्त्याकडं पाह्यते आन् आत जाते. यंदा नाई आला तो, त पोरगी मनातून उतरवीन त्याले. मंग साहेब सोता आनाले गेले तरी जानार नाई." एवढे बोलून त्याने घोंगडीने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितले.

याच सुमारास गडी तिसऱ्यांदा आला. या खेपेस सासऱ्याने दमणीबरोबर नक्कलही पाठवली होती. मुलीने ती शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "मामाजीले सांगजो, याच्यात माह्यं नाव बी नाई. मी येऊ कशी?"

पुढील तारखेपर्यंत प्रांतांची नवी रचना होऊन आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, आणि त्या घालमेलीत ते न्यायाधीशही बदलून गेले. त्यांच्या आसनावर एक तरुण गृहस्थ बसले होते. प्रत्येक कागद ते दोन्ही बाजूंनी पाहत. त्यांनी मिसल वाचून संपवली तेव्हा मी उभा राहिलो आणि पूर्वीच्या न्यायाधीशांनी काय आज्ञा केली होती ते निवेदन केले.

"आपण या दाव्यात कोण?" त्यांनी विचारले.

"श्रोता."

"श्रोत्याला येथे जागा नाही. बसा. बदलून गेलेले न्यायाधीश काय म्हणाले, ते मला कागदच सांगू शकतो. कागद काही सांगत नाही."

सासऱ्याने समाधानाने पागोटे सारखे केले. इतक्यात नवरा पुढे सरकला.

"साहेब, तुमी तरी लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"का म्या मेडशीले जावं आन् हिले घेऊन यावं."

न्यायाधीशांनी मिसल पुन्हा उघडली. "दावा तुम्हीच लावला आहे ना?"

"जी."

"म्हणजे तुमच्याच दाव्यात तुमच्याच विरुद्ध हुकूम हवा?"

"जी साहेब. बाबा तोंडी मानत नाई."

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी मिसल मिटली. मग म्हणाले, "अशी मागणी दाव्यात नाही, आणि मी ती घालू शकत नाही. आपल्या सासुरवाडीस जाण्याला हुकूम लागत नाही. कोणी मनाई केली आहे काय?"

"बाबानं."

"ती घरची बाब. पुढची तारीख."

आवारात चिंचेखाली सगळे थांबले. मुलगी बापाच्या आडोशाला उभी होती. नवरा आपल्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. असा तो पूर्वी कधी उभा राहिला नसावा.

"बाबा, तुमी मले 'जाऊ नको' म्हनता, ते कोठी लिवलं हाय?"

"काय?"

"नक्कल दाखवा."

"बापाचं बोलनं लिवा लागते का रे, गाढवा?"

"साहेबाचं लिवा लागते, त बापाचं काहून नाई?"

वृद्धाने आधारासाठी वकिलांकडे पाहिले. वकील काही क्षण स्वतःशीच झगडले आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

"तुमी कोनाचे वकील हा?"

"तुमच्या मुलाचा. वकीलपत्रावर सही त्याची आहे."

कागदाने म्हाताऱ्याला असे कधी फसवले नव्हते. तो म्हणाला, "दमणी भेटनार नाई."

"मोटारीनं जातो."

"आन् असा जाशीन? मळक्या अंगरख्यानं? लोक काय म्हनतीन, कोनाचा पोरगा हाय म्हून?" त्याने आपल्या खांद्यावरचे उपरणे काढून मुलाच्या अंगावर जवळजवळ फेकले आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

मेडशीकडे जाणारी मोटार एकच होती, तेव्हा मुलगी, तिचे वडील, जावई आणि मी एकाच मोटारीत चढलो. येथे नवीनच धर्मसंकट उभे राहिले. जावई घरी यावयाचा, त्याचे स्वागत दारात व्हावयाचे. तो आधीच मोटारीत बसलेला चालेल कसा? मुलीच्या बापाने निर्णय घेतला, की जावई आपल्याला दिसलाच नाही. मोटारवाल्याने ओरडून विचारले, "अहो पाटील, जवाई मांगं बसले नं तुमचे?"

"असतीन," बाप खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "आमी अजून पाह्यले नाई."

मेडशीस उतरल्यावर बाप आणि मुलगी झपाझप पुढे निघाली. जाता जाता मुलगी थबकली आणि नवऱ्याकडे न पाहता मला म्हणाली, "महाराज, पाहुन्याले घडीभर पारावर बसवजा. घर आवराचं हाय."

आम्ही मारुतीच्या पारावर बसलो. जावयाने उपरणे तीनदा उलगडले आणि तीनदा त्याची घडी केली. मी त्याला उपदेश केला नाही. माझे उपदेश कागदावर नसतात. ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. दारात सासूने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर ओतण्यास तांब्या उचलला. तोच आतून आवाज आला, "थांब माय. कोनाच्या हुकुमानं आले, इचार."

सासूचा तांब्या तिरपा झाला होता तो तसाच राहिला. जावयाने माझ्याकडे पाहिले. मी देवळीतल्या दिव्याचे ध्यान करू लागलो.

"गेल्या साहेबाच्या," तो म्हणाला.

सासूने तांब्या सरळ केला.

"म्हंजे... साहेब त गेले," तो पुटपुटला. "आता माह्याच."

"ओत," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती दोघे गेली. पुढच्या तारखेस कोणीच फिरकले नाही, आणि न्यायाधीशांनी लिहिले : वादी गैरहजर, दावा खारीज. सासऱ्याने याचीही नक्कल काढविली. पुढे काय झाले ते मला त्याच्या मुलाने सांगितले. म्हातारा कागद हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि खोल आवाजात म्हणाला, "सूनबाई, आमी दावा हारलो. कागदानं तुले इथं राहाचं बंधन नाई. तुले जाचं असन त जाय."

"मंग वाचजा मामाजी," ती म्हणाली. "हात धुवा आधी. भाकर थंडी होऊन राह्यली."